दारूचा बडग्या

"यादो बाहेर येते म्हणतोस? मंग लाव शर्त," गुलाबभाऊ म्हणाला.

"लावली," मी म्हटलं.

"आधी आईक. मारबतीच्या दिवशी आपला बडग्या गल्लीतून निघायच्या आत त्यानं आपल्या पायानं उंबरा वलांडला पाहिजे. उचलून आणलेला चालत नाई. आग लागली, साप निघाला, असं बोंबलून काढलेला चालत नाई. तुहे सारे धंदे मले माहीत हायेत, दौल्या."

"आन हरणाऱ्यानं काय करायचं?" पानठेल्यावाल्या किसनानं सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता विचारलं.

गुलाबभाऊनं डोळे बारीक केले. "हरणाऱ्यानं खेटराचा हार घालून बडग्याच्या बाजूला ठेल्यावर बसायचं. इथून इतवारीपर्यंत. साऱ्या नागपुरासमोर."

पानठेल्यावरची मंडळी एवढी खुश झाली, जसं काही आम्ही दोघंही हरणार होतो. किसनानं आनंदाच्या भरात मला फुकट खर्रा दिला. त्याच्या धंद्यात अशी वेळ पुन्हा आली नाही.

तुम्ही नागपूरचे नसाल तर सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. काळी न पिवळी, अशा दोन मोठ्ठ्या बाया, कागदा-बांबूच्या. त्यांच्या मागं गल्लीगल्लीतले बडगे. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांना जे छळून राहिलं असेल त्याचा पुतळा. महागाईचा, मच्छरांचा, विजेच्या बिलाचा. आत तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, भरायची, वरून जुने कपडे चढवायचे, गळ्यात फाटकी खेटरं, न साऱ्यांनी गळे काढून ओरडायचं, "रोगराई, खोकला-खासी घेऊन जा गे मारबत!" मग सारं शहराबाहेर नेऊन जाळायचं. त्या दिवशी कोणी काही बोललं तरी राग मानायचा नसतो. माझ्यासारख्या माणसाची तर ती दिवाळीच.

त्या वर्षी चौकात देशीचं नवीन दुकान उघडलं होतं. म्हणून आमच्या कोष्टी गल्लीनं दारूचा बडग्या करायचं ठरवलं. गुलाबभाऊ त्याचा प्रमुख. गणपतीचा प्रमुख तोच, भांडण मिटवायला तोच, मयतीत बांबू कसा बांधायचा ते सांगायलाही तोच.

न यादो, म्हणजे यादव हेडाऊ, माझ्या घरासमोरचा. एकेकाळी त्याच्या मागावरचं लुगडं बाया नाव विचारून घ्यायच्या. मग तो प्यायला लागला. काहून पितोस विचारलं तर दर वेळी नवीन कारण सांगे, न दर कारण खरं वाटे. गुलाबभाऊच्या पोरीच्या लग्नात तो असा प्यायला, की भर मांडवात व्याह्यांच्या पाटावर जाऊन उताणा पडला. अंगात पोपटी शर्ट. त्या शर्टाचं कापड गुलाबभाऊनंच आहेरात दिलेलं. लग्न पार पडलं, पण गुलाबभाऊ त्याच्याशी त्या दिवसापासून बोलला नाही. आधी दोघं एका ताटात जेवत.

पुढं इंदू वहिनीनं, म्हणजे यादोच्या बायकोनं, त्याला सरकारी दवाखान्यात भरती केलं. उन्हाळाभर तिथं होता. सुटून घरी आला तो रिक्षातून डोक्यावर टॉवेल घेऊन उतरला, आत गेला, न दार लावलं. त्यानंतर गल्लीनं त्याचं नख पाहिलं नाही.

शर्त लागल्याची खबर त्याच्या घरी मीच सांगायला गेलो. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"लावा शर्ती, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्हाले खेळ हाय. पोळा झाला की माहा भाऊ येऊन राह्यला, पवनीहून. आम्हाले घेऊन जातो म्हणते."

"किती दिवस?"

"कायमचं." तिनं एक खडा उचलून लांब फेकला. "डॉक्टर म्हणते, हे असेच कोंडून राह्यले तर पुन्हा घसरतीन. नाई तर डोक्यानं जातीन. माहा भाऊ म्हणते, इथं गल्लीची लाज वाटते त्याईले, तिथं कोणी ओळखत नाई. पण भाऊजी, जिथं कोणीच ओळखत नाई तिथं हे बाहेर तरी कोणासाठी येतीन?"

मी तिच्या सुपातले खडे वेचायला लागलो. मला असं काम करताना तिनं कधी पाहिलं नसेल, कारण तिनं सूप खाली ठेवलं.

"दवाखान्यात पयल्या आठवड्यात याईले भिताडातून धागे निघताना दिसत होते," ती हळूच म्हणाली. "पलंगावर बसून हवेतच विणत होते. मी हात धरले तर म्हणे, सोड, किनार बिघडते." मग तिनं पदरानं नाक पुसलं न एकदम आवाज बदलला. "जिंका हो शर्त, भाऊजी. काहीबी करा. पण जिंका."

मग मी कामाला लागलो.

माझं पंखे-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एका दुपारी क्रिकेटची मॅच चालू असताना मी मोठ्यातला मोठा रेडिओ यादोच्या ओट्यावर नेऊन ठेवला न आवाज पूर्ण सोडला. शेवटची ओव्हर आली. खिडकीच्या आत खाट करकरली. माणूस खिडकीशी आला, एवढं मला कळलं. चार चेंडू राहिले होते, मी बटण बंद केलं न रेडिओ खांद्यावर टाकून घरी निघून गेलो.

वाटलं होतं, दार उघडून शिव्या घालत मागं येईल. कायचं काय. दुसऱ्या दिवशी वहिनी भेटली.

"कोण जिंकलं म्हणून इचारत होते."

"सांगू नका! म्हणा, बाहेर येऊन दौल्याले इचार."

"मी सांगून टाकलं," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. "शेजारी जाऊन इचारून आली न सांगून टाकलं. कितीक दिवसांनी त्याईनं मले काही इचारलं, भाऊजी. मले नाई राहवलं."

आता अशा बाईला काय म्हणणार?

मग मी बँडवाल्या ओळखीच्या माणसाला गाठलं न भर सकाळी यादोच्या खिडकीखाली वरातीचा बँड लावला. सारी गल्ली बाहेर आली. कोपऱ्यावरची थकू आजी तर तांदूळ घेऊन आली, नवरदेव कुठं हाय म्हणून. यादोनं खिडकी लावून घेतली. गुलाबभाऊ समोरच्या ओट्यावर बसून पोट धरून हसला.

"दौल्या, हाराले खेटरं मी जमवतो का तू जमवशीन?"

"तुह्याच मापाची जमव," मी म्हटलं. पण आतून जरा ढिला झालो होतो.

शेवटी कॅरम कामी आला. यादो न मी लहानपणापासून जोडीदार. तो नियमाचा इतका पक्का की माझ्यासारख्या चोराबरोबर एवढी वर्षं कसा खेळला, देव जाणे. मी त्याच्या खिडकीखाली बोर्ड मांडला न किसनाला समोर बसवून मोठमोठ्यानं लबाडी सुरू केली. "ही राणी माही! कव्हर कायले पाहिजे? आपल्यात चालते बिनकव्हरची!"

एक दिवस झाला. दुसरा झाला. तिसऱ्या दिवशी खिडकीची एक फळी बोटभर उघडली न आतून आवाज आला.

"राणी वापस ठेव बे."

किसनाच्या हातातून स्ट्रायकर पडला. मी मान वर केली नाही. "कोण बोलते? भूत बोलते का?"

"वापस ठेव म्हणतो. कव्हर झाली नाई."

मी राणी मधोमध परत ठेवली. माझ्या हातानं ठेवलेली माझ्या आयुष्यातली ती एकच राणी.

त्या दिवसापासून किसनाला सुट्टी दिली. मी एकटाच बोर्ड घेऊन बसायचो. यादो आतून सांगायचा, मी त्याच्या वतीनं मारायचो. तो म्हणायचा, "डाव्या हातची काळी, हळू," न मी मुद्दाम भलतीकडे मारायचो. तो आत चडफडायचा. बोटभराची फट चार बोटं झाली. दाढी दिसायला लागली, मग एक डोळा.

एका सकाळी गल्लीत कोणी नव्हतं, तेव्हा मी विचारलं.

"काऊन बे, बाहेर येत नाईस? कोणाची लाज वाटते?"

फट पुन्हा बोटभर झाली.

"गुलाबभाऊची?"

"त्याची तर वाटतेच," तो म्हणाला. "पण लाज घेऊन माणूस बाहेर जाऊ शकते, दौलत. लाज काही जड नसते."

"मंग?"

"माह्या पायाचा भरवसा नाई मले."

मला कळलं नाही.

"दवाखान्यातून रिक्षात येत होतो. चौकात ते दुकान दिसलं. मी इंदूसंग बोलून राह्यलो होतो न माहा एक पाय रिक्षाच्या बाहेर गेला होता. मले मालूमच नाई. इंदूनं मांडी धरली म्हणून समजलं." त्याचा डोळा दाराकडं वळला. "हे दार हाय तवर मी चांगला हाय. दाराच्या आत मी काही पेत नाई. बाहेर गेलो तर पाय तिकडंच जातीन. म्हणून नाई येत. तुम्हाले वाटते मी लाजून बसलो. मी पहारा देऊन राह्यलो, दौलत. आपल्याच घरावर."

मी एक सोंगटी बोर्डावर फिरवत राहिलो.

"पवनीले जाऊन काय करशीन?" शेवटी मी विचारलं.

"तिथंबी दार असनच की."

मी सोंगट्या गोळा केल्या. "आईक. मारबतीच्या दिवशी बडग्याचा ठेला वढायले दोर असते. त्या दोराले पंधरा-वीस माणसं असतात. मधातल्या माणसाच्या मागं माणसं, पुढं माणसं. त्याचे पाय कुठंबी जायचं म्हणले तरी जाऊ शकत नाईत. पुढचे वढतात, मागचे ढकलतात. तू मधात लाग. मी तुह्या मागं लागतो. इकडं तिकडं झाला तर मी टाचेवर पाय देतो. माह्या चपलेले खिळा निघून हाय."

आतून एक आवाज आला. खोकला असेल. पण मी यादोला लहानपणापासून ओळखतो, तो हसला होता.

"पाहतो," तो म्हणाला.

पोळा झाला. मारबतीची सकाळ उजाडली. लांबून ढोल ऐकू येऊन राहिले होते. मी वस्तारा, साबण, तांब्या घेऊन यादोच्या खिडकीपाशी गेलो. दोन्ही फळ्या उघड्या! वहिनीनं त्याला न्हाऊ घातलं होतं, धुतलेला सदरा घातला होता. पण दाढी तशीच, छातीपर्यंत.

"माहा हात थरथरते," तो म्हणाला.

"मंग तोंड इकडं कर."

मी खिडकीच्या गजांमधून त्याची दाढी केली. तुम्ही कधी केली नसेल, करू नका. अर्धा साबण भिंतीला, अर्धा त्याच्या नाकात. त्यानं डोळे मिटले होते न गाल गजाला टेकवला होता. वस्ताऱ्याखाली त्याची नस उडत होती. मी आयुष्यात एवढ्या हळू हातानं काही केलं नाही.

"कापलं का?" त्यानं विचारलं.

"मान तेवढी राह्यली."

आतमध्ये वहिनी फिस्सकन हसली.

मग मी दाराशी आलो. कडी आतून निघाली. दार अर्धं उघडलं. यादो उंबऱ्याच्या आत उभा, गोरामोरा, दाढी उतरलेले गाल पांढरेफटक. त्यानं एक पाय उचलला.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आरोळी उठली. बडग्या आला.

तो बडग्या मी त्या आधी पाहिला नव्हता. गुलाबभाऊ ठेला आणायला गोळीबार चौकात गेला होता. मागं राहिलेल्या जवान पोरांनी बडग्याला कपडे चढवले होते. गल्लीतून जुने कपडे गोळा झाले होते, त्याच्यातून जे भडक होतं ते त्यांनी उचललं. दारुड्या आहे म्हणून काळ्या सुताची लांब दाढी लावली. हातात बाटली दिली. न अंगात घातला होता तो पोपटी शर्ट.

पोरांच्या काही ध्यानात नव्हतं. पण गल्लीच्या होतं. पहिल्यांदा सारे हसले. मग मागून कोणी तरी ओरडलं, "अरे, हा तर यादो!" न त्या बरोबर ढोलवाल्याचा हात थांबला.

इंदू वहिनी माझ्या मागं उभी होती. "शर्ट मीच देला," ती म्हणाली. तोंडावर हात. "त्याच्यातच पेत होते नेहमी. म्हटलं, त्या शर्टासंगच जाऊ दे सारं, जळू दे. मले काय ठाव असा घालतीन..."

मी वळून पाहिलं. यादो बडग्याकडे पाहत होता. ठेल्यावर तोच बसला होता, दाढीसकट, गळ्यात खेटरं, मान एका बाजूला पडलेली.

त्यानं उचललेला पाय परत आत घेतला. दार लागलं. कडीचा आवाज आला.

गुलाबभाऊ ठेल्याजवळ दांडा धरून उभा होता. ठेला ओढताना त्याची पाठ बडग्याकडं होती, आता वळून त्यानं शर्ट ओळखला होता. त्याच्या तोंडावरचा रंग मी सांगू शकत नाही. "काढा बे तो शर्ट," तो पोरांना म्हणाला. "कोणी घातला? काढा!"

पोरं वर चढली, बटणं काढायला लागली. मी दारावर हात ठेवून उभा. काय बोलावं? आग लागली म्हणू? साप निघाला म्हणू? माझ्याजवळचं सारं संपलं होतं. नुसतं म्हटलं, "यादो. मी इथंच हाय."

न कडी निघाली.

दार पूर्ण उघडलं. यादो उंबरा ओलांडून बाहेर आला. माझ्याकडे पाहिलं नाही, कोणाकडेच नाही. सरळ ठेल्याकडे चालत गेला. माणसं बाजूला झाली. त्यानं ठेल्याच्या चाकावर पाय ठेवला, वर चढला, न बडग्याच्या बाजूला मांडी घालून बसला. बडग्याच्या गळ्यातला खेटरांचा हार काढला न आपल्या गळ्यात घातला.

"मी असताना तणीस कायले भरायची?" तो म्हणाला. शांत बोलला, म्हणून साऱ्यांना ऐकू गेलं. "शर्ट माहा हाय. दाढी आत्ताच काढली, नाई तर तेबी माहीच असती. मलेच न्या. तुम्हालेबी बरं, इंदूलेबी बरं."

वहिनी ओट्यावर खाली बसली. एक म्हातारा "नको रे बापा" म्हणाला. यादोचे हात मांडीवर होते, न बोटं काही तरी विणल्यासारखी हलत होती.

मला तेव्हा काय झालं माहीत नाही. मी ठेल्याजवळ गेलो न ओरडलो, "उतर बे! जागा बुक हाय!"

यादोनं माझ्याकडं पाहिलं.

"काय पाहतोस? ही काय तुह्या बापाची सीट हाय? इथं बसायले शर्त हरावी लागते. तू कोणती शर्त हरला? गल्लीत काही नियम हाय का नाई? तूच सांग, नियमवाल्या. कव्हर नसताना राणी घेऊन राह्यला!"

यादोचा हात गळ्यातल्या हारावर गेला.

मी गुलाबभाऊकडे वळलो. "गुलाबभाऊ, यादो उंबऱ्याबाहेर आला का नाई?"

गुलाबभाऊनं ठेल्याचा दांडा सोडला.

"बडग्या गल्लीतच हाय का नाई? उचलून आणला का मी त्याले? आपल्या पायानं आला का नाई? किसना, तू साक्षी हायेस. बोल."

"आला," किसना म्हणाला. "आपल्या पायानं आला."

सारी गल्ली गुलाबभाऊकडे पाहायला लागली. तो गल्लीचा प्रमुख माणूस. पंचायतीत बसणारा. डोक्यावर पांढरी टोपी, त्या दिवसासाठी परीटघडीचं धोतर. मला वाटलं, हा आता माझ्या कानाखाली काढतो, न त्याच्यातही त्याची काही चूक नव्हती. लग्नाच्या मांडवातला अपमान त्यानं अजून गिळला नव्हता. माझ्या तोंडातून गंमत निघाली होती, पण ती उचलायची की नाही, ते त्याच्या हातात होतं.

गुलाबभाऊनं टोपी काढली. बाजूच्या पोराच्या हातात दिली. मग चाकावर पाय ठेवून, धोतर सावरत, धापा टाकत वर चढला.

"उतर, यादो," तो म्हणाला. कितीक दिवसांत त्याच्याशी बोललेला पहिला शब्द.

"भाऊ, मी..."

"उतर म्हणलं ना. पोरीच्या लग्नात माह्या व्याह्याच्या पाटावर जाऊन पडला. आता इथं माही जागा घेतोस? तुले साऱ्या गावात दुसऱ्याचीच जागा कायले पाहिजे बे?"

कोणाला तरी हसू आलं. मग आणखी एकाला. यादो मात्र हसला नाही. तो गुलाबभाऊच्या तोंडाकडे पाहत होता, लहान पोर मास्तरकडे पाहते तसा, मार बसणार की सुटणार हे न कळून.

गुलाबभाऊनं त्याच्या गळ्यातला खेटरांचा हार काढून आपल्या गळ्यात घातला. एक खेटर उलटं होतं ते सरळ केलं. मग बडग्याच्या अंगातून पोरांनी अर्धा काढलेला पोपटी शर्ट ओढला न आपल्या सदऱ्यावरून चढवायला लागला. पोटावर एक बटण लागेना. बाही कोपरापाशी अडकली.

"कापड मीच देलं होतं," तो यादोला म्हणाला. "शिंप्यानं तुह्या मापाचं शिवलं. काय कामाचं?" न मग एकदम हळू आवाजात, जे मी ठेल्याला टेकून होतो म्हणून ऐकलं, "खाली जाय, राजा. दोर धर."

यादो उतरला. मी त्याला दोराच्या मधात उभं केलं, त्याच्या पुढं किसना, मागं मी. वहिनी ओट्यावरून उठली, पदर खोचला न बायांमध्ये जाऊन उभी राहिली. ढोल सुरू झाला.

अशी वरात नागपुरानं पाहिली नसेल. दारूचा बडग्या उघडाबंब, तणीस बाहेर आलेली, न त्याच्या बाजूला पोपटी शर्ट फाटून राहिलेला गुलाबभाऊ मौंदेकर, गळ्यात खेटरं, चेहरा गादीवरच्या मुनिमासारखा गंभीर. माझ्या अंगात आनंद मावत नव्हता. मी दर दहा पावलांवर ओरडत होतो, "गल्लीचे प्रमुख येऊन राह्यले हो! वाट द्या!"

चौक आला. देशीचं दुकान उघडंच होतं, फळीवर दोन-चार जण टेकलेले. माझ्या पुढचा दोर ढिला पडला. यादोची मान तिकडे वळली होती. त्याचा उजवा पाय रांगेबाहेर पडला, खरंच, त्याला न विचारता. मी टाचेवर पाय द्यायला उचलला.

पण त्या आधी वरतून आरोळी आली. गुलाबभाऊ ठेल्यावर उभा राहिला होता. एवढा भारी माणूस, ठेला डगमगला. त्यानं दोन्ही हात वर केले न नाचायला लागला. मी त्याला जन्मात नाचताना पाहिला नव्हता, न नाचता येतही नव्हतं त्याला. खेटरं छातीवर आपटत होती. शर्टाची शिवण पाठीत टरकन उसवली. दुकानाच्या फळीवरचे दारुडेसुद्धा प्यायचं सोडून पाहायला लागले. यादोची मानही वळली, वर, त्याच्याकडे.

"वढ ना बे, यादो!" गुलाबभाऊ नाचता नाचता ओरडला. "पडीन ना मी! नीट वढ!"

दोर ताणला गेला. यादोचा पाय रांगेत आला. मी उचललेला पाय खाली ठेवला.

इतवारीत माणसांचा समुद्र होता. लांब काळी मारबत डुलत येऊन राहिली होती. आमचा बडग्या पाहून लोक वेडे झाले. "दारू घेऊन जा गे मारबत!" असा गदारोळ उठला. आमच्या गल्लीच्या पोरांना तर मोकळं रान मिळालं. एकानं सुरुवात केली, "गुलाबभाऊले घेऊन जा गे मारबत!" न साऱ्यांनी ती उचलली. "त्याच्या पंचायती घेऊन जा गे मारबत!" गुलाबभाऊ वरून साऱ्यांना हात जोडत होता.

माझ्या पुढं यादो थांबला. दोर त्यानं दोन वेढे देऊन मनगटाला गुंडाळला होता. त्यानं घसा साफ केला. पहिल्यांदा आवाज आलाच नाही. दुसऱ्यांदा आला, फाटका, खरखरीत, कितीतरी दिवस न वापरलेला.

"गुलाबभाऊले संध्याकाळी वापस पाठव गे मारबत!"

क्षणभर आमच्या रांगेत कोणालाच कळलं नाही की ही घोषणा आहे की आणखी काय. मग किसनानं मान मागं टाकून ती उचलली. मग बायांमधून इंदू वहिनीचा बारीक आवाज आला, सगळ्यांच्या वर. मग सारी गल्ली ओरडायला लागली, "वापस पाठव गे मारबत! वापस पाठव!" आमच्या मागच्या गल्लीवाल्यांनी कशाचं काय ते न विचारता तेच धरलं.

गुलाबभाऊनं फाटक्या पोपटी बाहीनं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं, न मग वरून ओरडला, "आईकलं का बे, यादो? माहं संध्याकाळचं जेवण घरी हाय. आन तुहंबी माह्याच घरी हाय. थांबला कायले? वढ!"